न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना
नवजात अर्भकांचे वेदनामापन व वेदनाशमन : एक परिचय

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या असते, जमाखर्चाचे पत्रक असते, देणगीदारांची नामावली असते. त्यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सोप्या शब्दांत ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. विषय थोडा वेगळा आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दुखते का, दुखत असल्यास ते किती हे कसे ओळखावे, आणि ते कमी करण्याचा उपाय खरोखर गुणकारी आहे हे कशावरून ठरवावे, या तीन प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राने अगदी अलीकडच्या काळात शोधली आहेत. त्या शोधात मुंबईच्या एका रुग्णालयाचा वाटा आहे. त्यातून निघालेला एक उपाय तर वडीगोद्रीसारख्या गावातही आजपासून करता येण्याजोगा आहे.

मोठ्या माणसाला ‘कुठे दुखते, कसे दुखते’ असे विचारता येते आणि निम्मे निदान तेथेच होते. अर्भकाला विचारता येत नाही. रडणे हीच त्याची भाषा. पण भूक लागली, ओले झाले, थंडी वाजली तरीही ते रडतेच. शिवाय अपुऱ्या दिवसांचे, फार अशक्त बाळ पुष्कळदा रडतच नाही. पाहणाऱ्यांना ते शांत वाटते आणि ‘बाळ शहाणे आहे हो’ असे कौतुकही होते. ही शांतता कधी स्वस्थतेची असते, कधी थकव्याची. या दोहोंतील भेद ओळखणे हा वेदनामापनाचा गाभा होय.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळालाही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत काही वेळा टोचावे लागते. रक्तस्राव टाळण्यासाठी मांडीत व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन, पहिल्या चोवीस तासांत हिपॅटायटिस-बी प्रतिबंधक लस, डाव्या दंडावर बी.सी.जी. ही टोचणी आवश्यकच आहेत. ती टाळण्याचा विचार कोणीही करू नये. बाळ कमी दिवसांचे किंवा आजारी असले की मात्र संख्या झपाट्याने वाढते. साखर तपासण्यासाठी टाचेला सुई, काविळीसाठी पुन्हा रक्त, सलाईनसाठी शीर शोधणे, नाकातून पोटात नळी, श्वासनलिकेतील स्राव ओढून काढणे, आणि हे सारे जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकटपट्ट्या काढणे. पॅरिस व त्याच्या परिसरातील अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या ४३० अर्भकांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या चौदा दिवसांतील उपचारांच्या त्या नोंदींत दर बाळामागे दिवसाला दहा वेदनादायक प्रक्रिया हा मध्यमान निघाला, आणि अशा शंभरांपैकी एकोणऐंशी प्रक्रियांच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी विशेष असे काहीही केलेले नव्हते. साधनसंपन्न देशातील ही स्थिती आहे. आपल्याकडे ती याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही.

असे का होत आले? नवजात बाळाची मज्जासंस्था पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्याला वेदना जाणवत नाही, जाणवली तरी आठवत नाही, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ वैद्यकातच रूढ होती. भूल देणारी औषधे लहान जिवाला सोसणार नाहीत ही भीतीही त्यामागे होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परिणाम असा झाला की, अनेक ठिकाणी अर्भकांवर मोठ्या शस्त्रक्रिया केवळ स्नायू शिथिल करणारे औषध देऊन होत असत. बाळ हलत नसे. त्याला दुखत होते की नाही हे पाहण्याचा मार्गच त्या औषधाने बंद होई. १९८५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीवर अशीच शस्त्रक्रिया झाली. पुढे ते बाळ दगावले. त्याला वेदनाशामक दिलेच नव्हते हे आईला नंतर समजले आणि तिने हा प्रश्न वृत्तपत्रांतून लोकांपुढे मांडला. डॉक्टरांना जे विचारायचे सुचले नव्हते ते एका आईने विचारले, असे आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना आज म्हणावे लागते.

शास्त्रीय उत्तर मिळाले ते ऑक्सफर्डमध्ये, आणि देणारे डॉक्टर इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले होते. डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह शस्त्रक्रियेसाठी आलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एका गटाला तेव्हाची प्रचलित हलकी भूल, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक. बाळ बोलत नाही. म्हणून त्यांनी त्याच्या रक्ताला विचारले. शरीरावर घाला आला की रक्तात काही संप्रेरके व साखर वाढते. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांत ही वाढ कितीतरी अधिक होती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त होत्या. १९८७ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळी भूल व वेदनाशामक द्यावे असे जाहीर केले.

अर्भकाला मोठ्यांपेक्षा कमी दुखते, ही समजूत तर आज उलटीच ठरली आहे. वेदनेचा निरोप टाचेपासून मेंदूपर्यंत नेणारी वाट जन्माच्या आधीच तयार झालेली असते. मेंदूकडून खाली येऊन तो निरोप दाबून धरणारी यंत्रणा मात्र उशिरा पक्व होते. म्हणजे दार उघडे आणि दारावर राखण नाही, अशी ही अवस्था आहे. २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच अर्भकांच्या व प्रौढांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेऊन तुलना करण्यात आली. पायावर हलके टोचले असता प्रौढांच्या मेंदूतील जे वीस भाग जागृत होत, त्यांपैकी अठरा अर्भकांतही जागृत झालेले दिसले.

आठवणीचे म्हणाल तर, बाळाला प्रसंग आठवत नाही, परंतु शरीरात खूण राहते असे मानण्यास जागा आहे. कॅनडातील डॉ. अ‍ॅना टॅडिओ यांनी १९९७ साली दाखवून दिले की, जन्मानंतर लगेच सुंता झालेली मुले चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलांपेक्षा अधिक वेदना व्यक्त करतात. ज्यांना सुंतेपूर्वी बधिर करणारे मलम लावले होते, त्यांच्यात हा फरक कमी होता.

मोजायचे कसे?

ताप मोजण्यासाठी पारा आहे. वेदनेचा पारा नाही. म्हणून खुणा गोळा करून त्यांना गुण द्यावे लागतात, जसे परीक्षक उत्तरपत्रिकेला देतो. अशा अनेक पद्धती प्रचलित आहेत. त्यांतील सर्वांत सोपी १९९३ साली कॅनडात प्रसिद्ध झाली. ती ‘नवजात वेदना श्रेणी’ चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय व जागृती या सहा गोष्टी पाहते आणि एकूण सातांपैकी गुण देते. गर्दीच्या विभागात एकट्या परिचारिकेला ती झेपते, हे तिचे मोठे बळ.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मात्र टोरांटो येथील डॉ. बॉनी स्टीव्हन्स यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेली, ‘पीआयपीपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पद्धत अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तिच्यात सात बाबी आहेत व प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त एकवीस. सुई टोचण्यापूर्वी पंधरा सेकंद बाळाकडे नुसते पाहायचे, हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण लिहून ठेवायचे, आणि टोचल्यानंतर तीस सेकंद पुन्हा पाहायचे. चेहऱ्यावर तीनच गोष्टी शोधायच्या : भुवयांमध्ये फुगवटा येतो का, डोळे घट्ट मिटतात का, आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते का.

एक उदाहरण घेऊ. समजा, तेहेतिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ गाढ झोपले आहे. ठोके १४०, प्राणवायू ९५ टक्के. टाचेला सुई लागली. ठोके १६२ वर गेले, म्हणजे बावीसने वाढले : दोन गुण. प्राणवायू ९१ वर उतरला : एक गुण. तीस सेकंदांपैकी चोवीस सेकंद भुवया आवळलेल्या होत्या : तीन गुण. वीस सेकंद डोळे घट्ट मिटलेले : दोन. नाकाजवळची घडी दहा सेकंद : एक. येथवर नऊ झाले. आता ही पद्धत आणखी दोन गोष्टी विचारते. बाळ किती आठवड्यांचे? तेहेतीस, म्हणून एक गुण. टोचण्यापूर्वी ते कोणत्या अवस्थेत होते? गाढ झोपेत, म्हणून तीन गुण. एकूण तेरा. सहापर्यंतची वेदना किरकोळ मानतात, बारांच्या वर गेली की मध्यम ते तीव्र.

वाचकांना हे शेवटचे चार गुण विचित्र वाटतील. झोपलेल्या बाळाला जास्त गुण कशासाठी? कारण असे की, जितके बाळ अपुऱ्या दिवसांचे आणि जितके ते निद्रिस्त, तितकी चेहरा आक्रसण्याची, हातपाय झाडण्याची त्याची शक्ती कमी. त्याच्या चेहऱ्यावर थोडेसे उमटले तरी आत पुष्कळ आहे असे समजायचे. ज्याला दाखवता येत नाही त्याच्या बाजूने हे झुकते माप आहे. अर्थात यातही खोट होती. काहीच प्रतिक्रिया नसलेल्या बाळालाही केवळ वय व झोप यांमुळे गुण मिळत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित पद्धतीत हे गुण, चेहऱ्यावर किंवा ठोक्यांत काही बदल दिसला असेल तरच मिळवायचे असे ठरले. मापन पद्धतीच्या अशा दुरुस्त्या वाचताना कंटाळा येईल, पण त्या अंगावर झेलणारी बाळे आहेत हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व पटते.

उपायाची परीक्षा

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागातील अभ्यास येथे मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखा आहे. विषय अगदी साधा होता : चिकटपट्टी काढणे. शस्त्रक्रिया नव्हे, सुईही नव्हे. दीड किलोहून कमी वजनाच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की, पट्टी ओढताना वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघू शकतो. मोठ्यांना जी गोष्ट क्षुल्लक, ती या बाळांना दुखते का, आणि दुखत असल्यास आईच्या उराशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे अधिक चांगले की आईचे काढलेले दूध तोंडात देणे अधिक चांगले, हा प्रश्न डॉ. रुची नानावटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. कोणत्या बाळाला कोणता उपाय हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले. वेदना वर सांगितलेल्या पीआयपीपी पद्धतीने मोजली. २०१३ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये निष्कर्ष आले : चिकटपट्टी काढणे ही या बाळांना वेदनादायक प्रक्रियाच आहे, आणि वेदना शमवण्याच्या बाबतीत दोन्ही उपायांत फरक आढळला नाही.

या अभ्यासाची एक गोष्ट आम्हाला विशेष आवडते. यादृच्छिक विभागणी कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. डॉक्टरने निवड केली तर नकळत धडधाकट बाळे एका गटात व अशक्त दुसऱ्या गटात जातात आणि उपायाचा खोटाच गुण दिसतो. म्हणून विभागणी हवीच. परंतु पुष्कळ परीक्षणांत एका गटाला उपाय व दुसऱ्याला नुसते निर्जंतुक पाणी देतात. उपायाचा गुण आधीच माहीत झालेला असताना पाण्याच्या गटात गेलेल्या बाळाने विनाकारण का सोसावे, असा आक्षेप जगभरातील अनेक तज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो आम्हाला रास्त वाटतो. मुंबईच्या अभ्यासात दोन्ही गटांच्या बाळांना आईकडचेच काहीतरी मिळाले. एकाला तिची ऊब, दुसऱ्याला तिचे दूध.

आईच्या दुधाचा गुण त्यापूर्वीच तपासला गेला होता. फ्रान्समध्ये डॉ. रिकार्डो कार्बाखाल यांनी पूर्ण दिवसांच्या १८० बाळांचे रक्त घेताना चार गट केले. पहिले बाळ अंगावर पीत असताना, दुसरे आईच्या नुसत्या कुशीत, तिसऱ्याला पाणी, चौथ्याला साखरेचे द्रावण व चोखणी. दहांपैकी मोजलेल्या वेदनेचा मध्यमान अनुक्रमे एक, दहा, दहा व तीन आला. हे आकडे २००३ सालचे आहेत. येथे पालकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. कपड्यांत गुंडाळलेले बाळ नुसते मांडीवर घेतल्याने त्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. बाळ प्रत्यक्ष पीत असावे लागते, किंवा त्याची उघडी छाती आईच्या उघड्या छातीला लागलेली असावी लागते. पुढच्याच वर्षी भारतातही काढलेल्या आईच्या दुधाची परीक्षा झाली. शिरेतून रक्त घेण्यापूर्वी ते तोंडात दिले असता बाळे कमी वेळ रडली.

आता साखरेविषयी. जिभेवर साखरेच्या किंवा डेक्स्ट्रोजच्या गोड द्रावणाचे काही थेंब सुईच्या दोन मिनिटे आधी ठेवले की बाळ कमी रडते, चेहरा कमी आक्रसतो, हे शेकडो परीक्षणांत दिसले आहे आणि अनेक रुग्णालयांत तो नित्याचा उपाय झाला आहे. परंतु २०१० साली लंडनच्या डॉ. रिबेका स्लेटर व सहकाऱ्यांनी ५९ अर्भकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरीही नोंदल्या. साखर मिळालेल्या बाळांचे गुण कमी होते, चेहरे शांत होते. मेंदूतील वेदनेची लहर मात्र पाणी मिळालेल्या बाळांइतकीच होती. म्हणजे साखरेने वेदना शमते, की वेदनेचे मुखावरील दर्शन तेवढे शमते? वाद अजून मिटलेला नाही. काहींच्या मते त्या लहरीने वेदनेचा एकच भाग कळतो आणि बाळाला मिळणारा दिलासा तिच्यात उतरत नाही. आमचे मत असे की, हा अभ्यास साखर टाकून देण्याचे कारण नव्हे, पण केवळ चेहरा शांत झाला म्हणून समाधान मानू नये एवढे त्याने शिकवले.

मग सरळ जोरदार औषधच का देऊ नये, असे विश्वस्तांपैकी कोणी विचारील. ऑक्सफर्डमध्ये त्याचीही परीक्षा झाली. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फार त्रासदायक असते. तिच्यापूर्वी तोंडावाटे मॉर्फीन देऊन पाहिले. वेदना कमी झाल्याचे दिसले नाही, उलट काही बाळांचा श्वास मंदावला. ३१ बाळांनंतर ते परीक्षण थांबवावे लागले व २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेसाठी प्रभावी औषध हवेच, त्याविषयी दुमत नाही. पण रोजच्या सुईसाठी ते नव्हे. पॅरासिटामॉलचा टाचेच्या सुईच्या वेदनेवर उपयोग होत नाही हेही परीक्षणांतून कळले आहे. पालकांनी लस देण्याआधी घरून ‘तापाचे औषध’ पाजून आणू नये, ते यासाठी.

उरते आई. २०२० साली लंडनमध्ये पुन्हा मेंदूच्या लहरी मोजल्या गेल्या, यावेळी टाचेला सुई लावताना आईच्या कवेत असलेल्या बाळांच्या. उघड्या त्वचेशी असलेल्या बाळांच्या मेंदूचा प्रतिसाद, कपड्यांसह कवेत घेतलेल्या बाळांपेक्षा कमी होता. जेथे साखरेचे थेंब कमी पडले त्या कसोटीवर आईची त्वचा टिकली, एवढे तूर्त म्हणता येते. अभ्यास लहान होता, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्या भागापुरते

वडीगोद्री हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्यातील गरोदर स्त्रिया शेवटपर्यंत कामावर असतात, आणि कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे जन्मास येण्याचे ते एक मोठे कारण आहे. अशा बाळाला पुढे जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यावे लागते. सलाईन, नळ्या, पट्ट्या हे त्याच्या वाट्याला गाडीतच सुरू होते. आई बहुधा मागे राहते, कारण तिचे स्वतःचे टाके ओले असतात.

आणि बाळ ज्या विभागात पोहोचते, तेथे आई पुष्कळदा दाराबाहेर असते. जंतुसंसर्ग होईल या भीतीने देशात अनेक ठिकाणी हीच रीत पडली आहे. या रीतीचा फेरविचार करावा असे सांगणारा पुरावा आता हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत एक मोठे परीक्षण झाले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. जन्मतःच कमी वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या उराशी ठेवले, त्यासाठी आईची खाटच विभागात आणली. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, ते १२ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२१ सालचे. वेदनाशमन हा त्या परीक्षणाचा विषय नव्हता, परंतु ज्या आईला आत घ्यायचे ती एकच आहे. आपल्या राज्यात के.ई.एम.मध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उराशी ठेवलेल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमने वाढले, इतरांचे १५.६ ग्रॅमने.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे व देणगीदारांपुढे एक नम्र विनंती ठेवीत आहोत. नवजात बाळांसाठी देणगी देताना दात्यांच्या मनात प्रथम यंत्र येते; त्यावर नाव कोरता येते, फित कापता येते. यंत्रे हवीतच. पण बाळाच्या पाळण्याशेजारी मागे कलणारी एक मजबूत खुर्ची, एक पडदा, आईसाठी दोन वेळचे जेवण व तिच्या अंगावर घालायला पुढून उघडणारा स्वच्छ झगा, यांचा खर्च कोणत्याही यंत्राच्या मानाने किरकोळ आहे. बाळ बांधायला वेगळे साहित्य विकत घ्यावे लागत नाही. धुऊन मऊ झालेले सुती लुगडे उत्तम. याशिवाय परिचारिकेच्या हाती वेळ लागतो. सुईच्या आधी पंधरा सेकंद पाहणे आणि नंतर तीस सेकंद पाहणे, हे चार बाळांमागे एक परिचारिका असेल तर जमते, वीस बाळांमागे एक असेल तर कागदावरच राहते. खुर्चीपेक्षा हा खर्च मोठा आहे आणि दरवर्षीचा आहे, याची आम्हाला कल्पना आहे.

टोचण्यांची संख्या कमी करणे हेही वेदनाशमनच. सकाळी साखरेसाठी, दुपारी काविळीसाठी असे दोनदा टोचण्याऐवजी शक्य तेथे एकदाच रक्त घ्यावे. कुशल हातांनी शिरेतून घेतलेले रक्त टाचेच्या सुईपेक्षा कमी दुखवते, असेही परीक्षणांनी दाखवले आहे.

पालकांसाठी व विशेषतः आजीबाईंसाठी काही गोष्टी. गोड द्रावणाविषयी वर वाचून कोणी बाळाला गुळाचे पाणी किंवा मधाचे बोट चाटवू नये. रुग्णालयातील द्रावण निर्जंतुक असते व थेंबांनी मोजून देतात. मधातून होणारा एक विषारी जंतुसंसर्ग वर्षाच्या आतील बाळाला जिवावर बेतू शकतो, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही द्यायचेच नसते. पोट फुगले म्हणून बिब्बा घालणे, किंवा मेळघाटातून अधूनमधून ज्याच्या बातम्या येतात तसे तापल्या विळ्याचे चटके देणे, यात बाळाला वेदनेखेरीज काही मिळत नाही आणि उपचाराची वेळ मात्र निघून जाते. कान टोचण्याबद्दल पुष्कळजण विचारतात. सोनाराला आमचा आक्षेप नाही. सुई उकळलेली, हात धुतलेले, आणि बाळ त्या वेळी आईच्या अंगावर पीत असलेले हवे. धरून ठेवायला चार माणसे जमवण्याची मग गरज उरत नाही.

मोठ्या रुग्णालयात एखाद्या परीक्षणात बाळाला सामील करून घेण्याविषयी विचारणा झाली तर घाबरून जाऊ नये व घाईने अंगठाही उठवू नये. त्या अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता असावी लागते आणि नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद देशाच्या चाचणी-नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ पासून सर्वांना पाहण्यास खुली आहे. दुसऱ्या गटातील बाळाला काय मिळणार, हा प्रश्न जरूर विचारावा. नकार दिला किंवा मध्येच बाळाला बाहेर काढले तरी त्याच्या नेहमीच्या उपचारात उणीव येता कामा नये, हा आई-वडिलांचा हक्क आहे.

लसीकरणाच्या दिवशी आईने परिचारिकेला आधीच सांगावे की, मी बाळाला पाजत असतानाच सुई द्या. सुईच्या निदान दोन मिनिटे आधी बाळ नीट ओढू लागलेले असावे. ओठ बाहेर वळलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली. सुई झाल्यावरही ते लगेच सोडवू नये. बाळाला पाजताना टोचले तर दूध ठसक्याने वर जाईल अशी भीती काही परिचारिकांनाही वाटते, परंतु झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. बाळ अंगावर पिऊ शकत नसेल तर काढलेले थोडे दूध वाटीचमच्याने द्यावे आणि पोलक्याची बटणे सोडून त्याला उराशी घ्यावे. आई शस्त्रक्रियेच्या खाटेवर असेल तर वडिलांनी सदरा काढून बसावे. बाळाला उराशी घ्यायला वडिलांची छातीही चालते.